अलास्कातील पिओनीची बाग

अलास्का हे नाव उच्चारले की डोळ्यांपुढे येतात ती बर्फाची मैदाने, अस्वले, सोन्याच्या शोधात निघालेली माणसे आणि कुत्र्यांनी ओढावयाच्या घसरगाड्या. फुलांची आठवण त्या नावासरशी सहसा कोणास होत नाही. तथापि त्या विस्तीर्ण प्रदेशाच्या मध्यभागी, उत्तर ध्रुववृत्ताच्या सुमारे दोनशे किलोमीटर दक्षिणेस वसलेल्या फेअरबँक्स या नगरात जुलै महिन्यात गेलेल्या प्रवाशाला एक दृश्य थक्क करून सोडते. कमरेइतकी उंच झुडपे ओळींनी उभी असतात आणि त्यांवर गुलाबी, शुभ्र, गर्द तांबडी फुले डोलत असतात. एकेक फूल सहासात इंच रुंद, ओंजळीत जेमतेम मावेल एवढे. पाकळ्या इतक्या की मोजू लागणाऱ्याने कंटाळून सोडून द्यावे. या फुलाचे नाव पिओनी. ज्या जमिनीवर ते फुललेले असते, तिच्यावर जानेवारीत पारा शून्याखाली चाळीस अंशांपर्यंत उतरतो. १९३४ च्या जानेवारीत तर तो उणे ५४ अंशांपर्यंत गेल्याची नोंद आहे. अशा ठिकाणी फूल फुलावे हेच नवल; ते असे भरगच्च फुलावे हे त्याहून मोठे नवल.

पिओनी हे फूल आपल्याकडील बागांतून दिसत नाही, आणि त्याचे कारण सरळ आहे. इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथे कोणी हौसेने त्याचा गड्डा आणून लावला, त्याला खतपाणी घातले, तर कदाचित पाने येतील. फूल मात्र येणार नाही. तरीही हे कुल आपल्याला अगदीच परके आहे असे नाही. पश्चिम हिमालयात, काश्मीरपासून कुमाऊँपर्यंत, सहा हजार फुटांच्या वर देवदार-ओकांच्या रानांत या कुलातील एक जाती आपोआप उगवते. तिचे फूल पांढरे, एकेरी पाकळ्यांचे आणि मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका असलेले असते. पहाडी लोक तिला चंद्रा किंवा मामेख म्हणतात आणि तिच्या कोवळ्या कोंबांची भाजी करतात. युनानी वैद्यकात जे ऊदसालप नावाचे मूळ अपस्मारावर देण्याची वहिवाट आहे, ते याच कुलातले. हैदराबादेत एखाद्या जुन्या अत्तार-पंसाऱ्याच्या दुकानात ऊदसालपाची पुडी विकत घेणाऱ्याला कल्पनाही नसते की, त्या वाळक्या मुळाचे भाऊबंद अलास्कात एवढाली फुले घेऊन उभे आहेत.

बागांतून वाढविली जाणारी बहुतेक पिओनी जिच्यापासून निघाली, ती मूळ जाती सैबेरिया, मंगोलिया आणि उत्तर चीन या प्रदेशांतली. चिनी लोकांनी तिला हजारांहून अधिक वर्षे बागेत जोपासले. तिच्या मुळांचे औषध केले आणि तिच्या फुलांवर काव्ये रचली. पुढे एकोणिसाव्या शतकात फ्रेंच माळ्यांनी तिचा ध्यास घेतला. १८५१ सालची 'फेस्टिव्हा मॅक्सिमा', १८५६ सालची 'डचेस द नेमूर', आणि नॅन्सी या गावच्या लेमॉइन घराण्याने १९०६ मध्ये काढलेली व प्रख्यात नटीचे नाव दिलेली 'सारा बर्नहार्ट' हे वाण आजही जगभर लावले जातात. एखाद्या माणसाने तयार केलेले फूल शंभर-दीडशे वर्षांनंतर त्याच रूपात, त्याच नावाने फुलत राहावे, ही गोष्ट फुलांच्या दुनियेत थोडी विरळाच. पिओनीची रोपे बियांपासून न वाढविता गड्डे फोडून वाढवितात, म्हणून हे शक्य होते. आजची प्रत्येक 'सारा बर्नहार्ट' ही त्या मूळ झाडाचाच एक तुकडा आहे.

आता अलास्कातली फुले एवढी मोठी का होतात, या प्रश्नाकडे वळावयाचे. यावर तेथील लोक एका शब्दात उत्तर देतात: ऊन. जूनच्या उत्तरार्धात फेअरबँक्सला दिवस जवळजवळ बावीस तासांचा असतो, आणि उरलेल्या दोन तासांतही काळोख असा होत नाही. मध्यरात्रीसुद्धा संधिप्रकाशात वर्तमानपत्र वाचता यावे अशी स्थिती असते. इंदुरास सर्वांत मोठा दिवस साडेतेरा तासांचा, हैदराबादेस त्याहून थोडा लहान. हा फरक ध्यानात घेतला म्हणजे तिकडील वनस्पतींना अन्न तयार करावयास किती अवधी मिळतो हे कळते. अँकरेजजवळच्या पामर या गावी दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस भरणाऱ्या जत्रेत कोबीच्या गड्ड्यांची स्पर्धा होते. २०१२ मध्ये तेथे आणलेला एक कोबी १३८ पौंडांहून अधिक, म्हणजे सुमारे ६३ किलो वजनाचा भरला. एवढा कोबी उचलावयास दोन धट्टेकट्टे गडी लागावेत!

परंतु कोबीचे उत्तर पिओनीला जसेच्या तसे लागू पडत नाही, आणि येथेच या विषयातली खरी मौज आहे. कोबी हे एका हंगामाचे पीक. त्याने यंदाचे ऊन खावे आणि यंदाच फुगावे. पिओनीचे तसे नाही. मे महिन्याच्या मध्यावर बर्फ वितळून जमीन जरा सैल होते न होते तोच तिचे तांबूस कोंब वर येतात आणि अवघ्या सहासात आठवड्यांत फूल उमलते. एवढ्या थोड्या काळात एवढे मोठे फूल रचावयास लागणारी सामग्री त्या वर्षीच्या पानांनी कमाविलेली नसते. ती आदल्या उन्हाळ्यात पानांनी तयार करून जमिनीखालच्या जाड, मांसल मुळांत साठवून ठेवलेली असते. इतकेच नव्हे, तर पुढील वर्षाचा फुटवा ज्यांतून निघावयाचा ते डोळेही आदल्या वर्षाच्या उत्तरार्धातच मुळांच्या माथ्यावर तयार होऊन बसलेले असतात. म्हणजे जुलैत जे फूल दिसते ते गतवर्षीच्या उन्हाचे. शेतकऱ्याच्या घरी पावसाळ्यापूर्वी जशी बेगमी करून ठेवितात, तशी ही मुळांची बेगमी. आणि फुलाचा आकार मुख्यतः त्या बेगमीवर ठरतो.

ही बेगमी अलास्कात इतकी भरघोस होते, त्याला उन्हाच्या जोडीने तेथील गारवाही कारणीभूत आहे. वनस्पती दिवसा अन्न तयार करिते आणि अहोरात्र श्वसन करून त्यातले काही खर्च करिते. हवा जितकी उष्ण तितका हा खर्च अधिक. दक्षिणेकडील उष्ण रात्री झाडाची दिवसाची मिळकत खाऊन टाकितात. फेअरबँक्सला उन्हाळ्यातील दिवस सुखद उबदार आणि रात्री थंड असतात. त्यामुळे जमा मोठी आणि खर्च लहान राहतो. शिवाय थंड हवेत कळी सावकाश भरते, पाकळ्यांचा रंग फिका पडत नाही आणि उमललेले फूल अधिक दिवस टिकते. उष्ण प्रदेशात पिओनी दोन-चार दिवसांत माना टाकिते.

राहता राहिला हिवाळा. माळी ज्याला शत्रू समजतो तो हिवाळा पिओनीला हवाच असतो. काही आठवडे गोठणबिंदूच्या आसपासची थंडी लागल्यावाचून तिचे डोळे जागेच होत नाहीत. इंदूर-हैदराबादेस तिला फूल येत नाही ते याच कारणाने. फेअरबँक्सला ही थंडी मागून घ्यावी लागत नाही. तेथे प्रश्न उलटा असतो. थंडी किती खोल जाणार, आणि मुळे तिच्यातून वाचणार की नाही, याची काळजी तेथील माळ्याला असते. या काळजीवर निसर्गाचाच एक उपाय आहे. ऑक्टोबरात पडलेला भुसभुशीत बर्फ कापसाच्या गादीसारखा जमिनीवर पसरून राहतो. वर हवा उणे चाळीस अंश असली तरी दोन फूट बर्फाच्या खाली जमिनीचे तपमान त्याहून पुष्कळच सौम्य राहते. बर्फ हे पांघरूण आहे, ही गोष्ट उष्ण देशातील माणसाला चटकन पटत नाही. पण तेथे ज्या वर्षी थंडी आधी येते आणि बर्फ मागून येतो, त्या वर्षी माळ्याच्या पोटात गोळा उठतो. पाच-सहा वर्षे जोपासलेल्या ओळीच्या ओळी तशा एका हिवाळ्यात कुजून जाऊ शकतात.

लागवडीची रीत वरवर पाहता सोपी आहे. शरद ऋतूच्या आरंभी गड्डा उकरून त्याचे तीन ते पाच डोळे असलेले तुकडे करावयाचे आणि ते अशा बेताने पुरावयाचे की, डोळ्यांवर सुमारे दोन इंच माती राहील. या दोन इंचांना फार महत्त्व आहे. गड्डा अधिक खोल गेला तर झुडूप वर्षानुवर्षे पानांनी डवरलेले राहते, पण फुलत नाही. आणि मालक बिचारा खते बदलीत बसतो. फेअरबँक्सच्या आसपासची माती वाऱ्याने वाहून आणलेल्या बारीक पोयट्याची आहे. कित्येक ठिकाणी तिच्याखाली कधीही न वितळणारा गोठलेला थर असतो. तो टाळण्यासाठी दक्षिणेकडे उतरत्या टेकड्यांची निवड करितात, कारण त्या उतारांवर ऊन सरळ पडते आणि पाणी साचून राहत नाही. पाऊस-बर्फ मिळून वर्षाला जेमतेम बारा इंच पाणी पडते. म्हणजे बर्फाच्या या देशात पिकाला पाणी द्यावे लागते!

यानंतर येते ती खरी कसोटी, आणि ती हातांची नसून मनाची आहे. पहिल्या वर्षी झाडाला कळी आली तर ती खुडून टाकावयाची. दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी चार-दोन फुले घ्यावीत. पूर्ण तोड करावयाची ती पाचव्या वर्षाच्या सुमारास. फूल तोडतानाही झुडपावरील निम्म्याहून अधिक देठ कापावयाचे नाहीत, आणि कापलेल्या प्रत्येक देठाच्या बुडाशी दोन-तीन पाने राहू द्यावयाची. कारण पुढच्या वर्षीच्या फुलांची सामग्री तीच पाने मिळविणार असतात. लांब दांड्याच्या लोभाने ज्याने बुडापासून देठ छाटले, त्याला पुढच्या जुलैत लहान, केविलवाणी फुले पाहावी लागतात. मात्र एकदा जम बसला की हेच झुडूप पन्नास वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक काळ, त्याच जागी फुलत राहते. नातवाने आजीच्या झुडपाची फुले तोडावीत, असा हा व्यवहार.

मोठ्या फुलासाठी आणखी एक काम असते. आपल्याकडे इंदूर-ग्वाल्हेरकडील पुष्पप्रदर्शनांसाठी शेवंती आणि डेलिया वाढविणारे हौशी लोक ते चांगले जाणतात. पिओनीच्या देठावर टोकाची एक कळी आणि तिच्या बगलेत दोन-चार लहान कळ्या येतात. बगलेच्या कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच बोटांनी खुडून टाकावयाच्या, म्हणजे सारा रस टोकाच्या कळीकडे जातो. उशीर केला तर देठावर जखमेचा डाग राहतो. नत्राचे खत मात्र हात आखडूनच द्यावे लागते. त्याने पाने माजतात, देठ मऊ होतात आणि करड्या बुरशीला आमंत्रण मिळते. ही बुरशी पिओनीची जुनी वैरीण. दमट हवेत ती कळ्यांना काळ्या करून टाकिते. कळ्यांवर मुंग्या फिरताना दिसतात त्या तेथे पाझरणारा गोड रस चाखावयास येतात. मुंग्यांवाचून कळी उमलत नाही अशी एक समजूत पाश्चात्त्य माळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती खोटी आहे, पण निरुपद्रवी आहे.

अशा या फुलाने अलास्कात एक नवी उपजीविका उभी केली, त्याची हकीकत ऐकण्याजोगी आहे. अमेरिकेने हा प्रदेश १८६७ मध्ये रशियाकडून बहात्तर लक्ष डॉलरांना विकत घेतला, तेव्हा त्या व्यवहाराची पुष्कळ थट्टा झाली होती. तेथे शेती होऊ शकेल यावर बहुतेकांचा विश्वास नव्हता. १८९८ मध्ये अमेरिकन सरकारच्या कृषिखात्याने चार्ल्स जॉर्जसन या मूळच्या डेन्मार्कमधील शेतीतज्ज्ञाला तेथे पाठविले. त्याने सिट्का येथे आणि पुढे अन्य ठिकाणी प्रयोगक्षेत्रे काढली. रानटी आणि बागाईत स्ट्रॉबेरींचा संकर करून थंडीला टिकणारे वाण तयार केले. फेअरबँक्सच्या विद्यापीठातील वनस्पतिउद्यानाला आज त्याचेच नाव आहे. त्या उद्यानात २००१ मध्ये उद्यानविद्येच्या प्राध्यापिका पॅट हॉलोवे यांनी पिओनीच्या वाणांची पद्धतशीर चाचणी सुरू केली.

चाचणीचे निमित्त फुलाच्या आकाराचे नव्हते. ते तारखेचे होते. अलास्कात पिओनी जुलैत फुलते ही गोष्ट तेथील घरोघरच्या बागवानांना ठाऊक होती, पण तिच्यात विशेष काही आहे असे कोणास वाटत नव्हते. हॉलंडसह उत्तर गोलार्धातील बहुतेक देशांत हा बहर मे-जूनमध्ये आटोपतो. न्यूझीलंड, चिली या दक्षिणेकडील देशांत तो नोव्हेंबर-डिसेंबरात येतो. मधल्या जुलै-ऑगस्टमध्ये जगाच्या बाजारात ताजी पिओनी जवळजवळ नसते. आणि अमेरिकेत लग्नसराई तर याच दिवसांत असते. ही मोकळी जागा धंद्यातील लोकांच्या नजरेला आली, आणि ती भरून काढणारा प्रदेश अलास्का आहे हे विद्यापीठाच्या चाचणीने सिद्ध झाले. पुढील दहा-पंधरा वर्षांत फेअरबँक्सच्या टेकड्यांवर, मातानुस्का खोऱ्यात आणि दक्षिणेस समुद्रकाठच्या होमर गावी पिओनीचे मळे उभे राहिले. यातली एक गंमत अशी की, होमर हे फेअरबँक्सच्या कितीतरी दक्षिणेस असूनही तेथे फुले उशिरा, ऑगस्टपर्यंत आणि क्वचित सप्टेंबरच्या आरंभापर्यंत येतात. कारण तेथील थंडगार समुद्र उन्हाळा लवकर तापू देत नाही. उशीर हा एरवी शेतकऱ्याचा तोटा; येथे तोच भांडवल ठरला.

विक्रीसाठी फूल उमललेले तोडीत नाहीत. कळी बोटांनी हलकेच दाबून पाहावयाची. ती आतून लुसलुशीत लागली की तोडावयाची. घट्ट कळी फुलत नाही आणि उमललेले फूल प्रवास सोसत नाही. ही परीक्षा बोटांनाच कळते, आणि ती दिवसांतून अनेक वेळा, ओळीमागून ओळ, करीत जावे लागते. कारण बावीस तासांच्या उजेडात कळी माणसाच्या झोपेसाठी थांबत नाही. तोडलेल्या कळ्या गोठणबिंदूच्या जरा वर असलेल्या शीतगृहात कोरड्या ठेवल्या तर काही आठवडे तशाच राहतात, आणि मग विमानाने हजारो मैलांवरील शहरांत जातात.

या मळ्यांवर अलीकडे एक नवी छाया पडली आहे. अलास्काचे तपमान जगाच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक वेगाने वाढत आहे. थंड प्रदेशाला थोडी ऊब मिळाली तर बरेच झाले, असे दुरून वाटेल. पण २०२१ च्या डिसेंबरात ऐन हिवाळ्यात फेअरबँक्सला धो धो पाऊस पडला आणि मग तो गोठून जमिनीवर दगडासारखे कवच तयार झाले. असे कवच भुसभुशीत बर्फाप्रमाणे मुळांना पांघरूण घालीत नाही. उन्हाळा कोरडा गेला की रानांना वणवे लागतात. २००४ मध्ये अशा वणव्यांच्या धुराने फेअरबँक्सचे आकाश कित्येक दिवस झाकून टाकिले होते. आणि वसंत लवकर आला तर बहरही लवकर येणार. अलास्काच्या पिओनीची सारी किंमत ती उशिरा फुलते यात आहे. ती जूनमध्येच फुलू लागली, तर हॉलंडच्या फुलांशी तिला एकाच बाजारात उभे राहावे लागेल, आणि विमानाचे भाडे देऊन ती स्पर्धा कशी परवडावी? ज्या लोकांनी पाच वर्षे कळ्या खुडीत वाट पाहिली, त्यांच्यापुढे आज हा प्रश्न आहे.

तथापि ऋतूचे काम थांबत नाही. सप्टेंबरात पहिले कडक हिव पडते, पाने तांबूस होऊन लोळतात. मग माळी ती जमिनीलगत कापून मळ्याबाहेर नेतो, म्हणजे बुरशीला हिवाळ्यात आसरा मिळत नाही. ओळींवर दुसरे काही दिसत नाही. फक्त प्रत्येक गड्ड्याशेजारी वाणाचे नाव लिहिलेली खुंटी तेवढी उभी असते. मातीखाली दोन इंचांवर पुढच्या जुलैचे तांबडे डोळे तयार झालेले असतात, आणि मळ्याचा मालक पहिला बर्फ कधी पडतो याची वाट पाहत आकाशाकडे पाहत असतो.